‘कुराण-सारा’तले प्रेषित आणि कोकणातले पैगंबर

पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबांचे ‘कुराण-सार’ १९६२ साली प्रसिद्ध झाले. मूळ ग्रंथासाठी ते अरबी शिकले होते. या निवडीचा गौरव सर्वधर्मसमभावाचा नमुना म्हणून होतो. मला तिच्या मांडणीविषयी वेगळा प्रश्न विचारावासा वाटतो : पेण-रोह्याच्या कोकणी मुसलमानाला तीत आपले पैगंबर भेटतात का?

विनोबांनी आयतींचा मूळ क्रम सोडून त्या विषयवार लावल्या. ईश्वर, भक्ती, नीती यांच्याबरोबर प्रेषितांनाही स्थान दिले. पण तिथले प्रेषित मुख्यतः संदेश पोहोचवणारे आहेत. मूळ ग्रंथाशी हे प्रामाणिकच आहे.

सुफी परंपरेत मात्र पैगंबरांशी नाते याहून निकटचे असते. कादिरी आणि चिश्ती सिलसिले हजरत अलींमार्फत, तर नक्शबंदी सिलसिला हजरत अबू बकर यांच्यामार्फत पैगंबरांपर्यंत पोहोचतो. मुरीद पीराच्या हाती हात देतो, तो या साखळीतली एक कडी होण्यासाठी. इब्न अरबींच्या ‘फुसूस-उल-हिकम’मध्ये २७ प्रकरणे आहेत, शेवटचे मुहम्मद पैगंबरांचे. कोकणी मुसलमानांना पूज्य असलेले माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) याच विचारपरंपरेतले, आणि कुराणाचे भाष्यकारही. म्हणजे विनोबांच्या कितीतरी आधी याच किनाऱ्यावर कुराण वाचण्याची एक सुफी रीत रुजली होती.

विनोबांनी स्वतःला आयतींपुरते बांधून घेतले होते. त्यांच्याकडे मौलूद किंवा दरूद मागणे अन्यायाचे होईल. दोष आपल्या वाचनाचा आहे. ‘सार’ म्हणजेच संपूर्ण इस्लाम, आणि सुफी म्हणजे मुसलमान वारकरी, असे समीकरण आपण सहज मांडतो. वारकरी विठ्ठलासमोर उभा राहतो, कारण तो देव आहे. मौलूदात सलाम म्हणताना उभा राहणारा पैगंबरांना देव मानत नाही. तसे मानणे त्याच्या लेखी शिर्कच. तरीही असे उभे राहणे योग्य की अयोग्य, यावर मुसलमानांतच वाद आहे. आदर कुठे संपतो आणि उपासना कुठे सुरू होते, हा त्या वादाचा गाभा.

‘सुफी म्हणजे भक्ती’ असे म्हणून टाकले की हा प्रश्नच पुसला जातो, आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेतली सर्वांत नाजूक जागा आपल्या नजरेतून सुटते. म्हणून ‘कुराण-सार’ अवश्य वाचावे, पण मौलूदाचा सूर कानात ठेवून.