मंगळावरचे पहूर

पहूरच्या आमच्या नातवाने लेगोच्या विटांचा मंगळ मांडला आहे. समीक्षक मी एकटाच, तेव्हा निर्भीडपणे लिहितो. यान देखणे, पण अंतराळवीर? हवा नाही, पाणी नाही, आणि हा गृहस्थ वऱ्हाडात आल्यासारखा हसतोय! मोटर लावलेले रडार तर टेबलफॅनसारखे गरगरत होते. मी म्हटले, "अरे, मोटरला आठ दात्यांचे चाक लाव, रडारला चोवीसांचे. वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो." लावले, आणि रडार खरोखर आकाश धुंडाळू लागले.

खरी दाद मात्र कोपऱ्यातल्या रुळांना. पाचोरा-जामनेरची आमची नॅरोगेज 'पीजे' २०२० साली थांबली. पठ्ठ्याने ती मंगळावर चालू केली.

"आबा, पण लई हळू जाते हो."

दुरुस्ती नको म्हटले. एवढे वास्तववादी काम अख्ख्या मंगळावर दुसरे नाही.