जोड लावणारा

कुस्तीवर लिहिणारे पुष्कळ झाले. परंतु त्यांची नजर हौद्यात उतरलेल्या पैलवानावरून सहसा हलत नाही. नाटकाचे परीक्षण करताना आपण नटाइतकाच नाटककारही तपासतो. मग दंगलीचा नाटककार कोण? माझ्या मते, जोड लावणारा. कोणाची कुस्ती कोणाशी, कितीच्या इनामावर आणि कितव्या क्रमांकाला, हे तो ठरवतो. प्रेक्षकांना तो दिसत नाही. मांडवामागे लोखंडी पेटीवर, कानाला पेन्सिल लावून तो बसलेला असतो.

उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी, यांच्यामधला आमचा चोपडा तालुका कापसाचा नि केळीचा. इकडे यात्रेतल्या कुस्त्यांना 'दंगल' म्हणतात. ऊन कलले की हलगी कडाडते आणि रेवड्यांच्या कुस्त्या सुरू होतात. सात-आठ वर्षांची पोरे मातीत लोळून उठतात नि मूठभर रेवड्या घेऊन आईकडे पळतात. मग नारळाच्या, मग शंभराच्या, पाचशेच्या आणि दिवस मावळताना मानाची कुस्ती. हा चढता क्रम चांगल्या नाटकाच्या अंकांसारखाच असतो. जोड लावायची तर नुसते वजन नि वय पाहून भागत नाही. कोणाचा घिस्सा चांगला, कोण ढाकेवर भरवसा ठेवतो, गेल्या साली कोणी कोणाला अस्मान दाखवले, कोणत्या दोन वस्तादांचे वाकडे आहे, हे सारे ध्यानात ठेवावे लागते. जोड विषम लागली तर रंग भरत नाही. फारच सम लागली तर दोघे एकमेकांच्या मानेवर हात टाकून अर्धा तास ढकलाढकली करतात.

ही झाली कला. आता तिचा जमाखर्च पाहू. एका बाजूला लोकवर्गणी, दुकानदारांची देणगी, कुठे कनात लावून तिकीट. दुसऱ्या बाजूला इनामे, मोठ्या पैलवानाचा बयाणा नि जाण्यायेण्याचा खर्च, माती, मांडव, कर्णा, हलगीवाले. खरी कुस्ती केव्हा संपेल हे कोणी सांगू शकत नाही. हेच तिचे सौंदर्य आणि हेच व्यवस्थापकाचे दिवाळे. ज्या नावासाठी माणसे दहा कोस चालून आली, ते नाव अर्ध्या मिनिटात चीत झाले तर तिकीटवाला म्हणतो, पैसे फुकट गेले. कुस्ती लांबून बरोबरीत सुटली तरी तो तेच म्हणतो. म्हणजे सचोटी आणि गल्ला यांची ओढ उलट दिशांना असते, आणि मध्ये हा पेटीवरचा मनुष्य.

कोल्हापुरात हा भार राजाने उचलला होता. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले; मल्लांच्या खुराकाची चिंता दरबाराला होती. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि तिथलीही कुस्ती वर्गणी नि तिकिटावर आली. खानदेश १८१८ पासून इंग्रजी अमलात. येथे कुस्तीला असा राजाश्रय नव्हता. इकडची दंगल गावानेच पोसली. कापूस पिकला तर इनाम मोठे, बोंडअळी पडली तर धाकटे.

पैशाची ही तंगी थोरामोठ्यांनाही चुकली नाही. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांपाशी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, आणि परतल्यावर मैदाने भरवून, त्यांत स्वतः लढून ते ऋण फेडले. ऑलिंपिकचा वीरही शेवटी मैदानाच्या गल्ल्याकडेच वळला!

यातून सुटण्याची एक सोपी वाट आहे: निकाल आधीच ठरवून टाकावा. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांनी एक जमाना गाजवला. तिथे ताकद खरी होती, पण देखाव्याचा वाटाही मोठा होता. रोलाँ बार्त या फ्रेंच समीक्षकाने १९५७ साली पुस्तकरूपाने आलेल्या एका निबंधात म्हटले की, अशी कुस्ती हा खेळ नव्हे, तो देखावा आहे. लढत ठरलेली आहे की नाही याची प्रेक्षकाला फिकीर नसते. अमेरिकेत तर १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे या धंद्यातल्या मोठ्या कंपनीने आपला खेळ ही करमणूक आहे, असे स्वतःच कबूल केले. कारण? खेळावरची सरकारी देखरेख आणि कर टळावेत! सत्य बाहेर आले ते हिशेबाच्या वहीतून.

बार्तचे म्हणणे पॅरिसला लागू असेल. आमच्या दंगलीला ते लागू नाही. आमच्या तालुक्यातल्या एका गावी पौषात मी मानाची कुस्ती पाहिली. मोठ्या नावाचे दोन मल्ल पाऊण तास एकमेकांना धरून उभे राहिले आणि पंचांनी बरोबरी दिली. "नुरा आहे, नुरा!" अशी ओरड झाली. शेजारचे म्हातारबा मात्र ओरडले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली नि उठून गेले. मी मांडवामागे गेलो. जोड लावणारे नाना पेटीवर बसून चुरगळलेल्या नोटा सरळ करीत होते.

"आते काय करू, भाऊ?" ते म्हणाले. "कपाशीना पैसा आजून उना नही."

अर्धी वर्गणी आलीच नव्हती. बयाण्याची बाकी मिळेना म्हणून दोन्ही मल्लांनी अंग राखले. पडून नाव घालवायचे, तेही उधारीवर, हे कोणाला परवडणार? मी त्या दिवशी मल्लांना दोष देऊ शकलो नाही, नानांनाही नाही. परंतु म्हातारबांचेही खोटे नव्हते. ते नुसते प्रेक्षक नव्हते, वर्गणीदार होते. देखाव्यासाठी त्यांनी पैसे दिले नव्हते.

पुढच्या साली नानांनी दोन गोष्टी केल्या. मोठी नावे बोलावली नाहीत. तालुक्यातल्याच तालमींतून जोडी निवडल्या. आणि मानाच्या कुस्तीआधी कर्ण्यावरून सारा हिशेब वाचून दाखवला: जमा किती, खर्च किती, बाकी कोणाकडे. बाकीदारांनी माना खाली घातल्या. दोघांनी तिथेच पैसे दिले. मानाची कुस्ती चार मिनिटांत निकाली झाली. कोणीही पैसे फुकट गेले म्हटले नाही, कारण पैसे कुठे गेले ते सर्वांना ठाऊक होते.

एवढ्याने कुस्तीचा धंदा सावरेल, असे मी म्हणत नाही. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ असा तीनदा महाराष्ट्र केसरीचा मान मिळवला, आणि पुढे सरकारने त्याला पोलीस खात्यात अधिकारीपद दिले. ते योग्यच झाले. पण प्रत्येक तालमीतल्या पोराला अशी नोकरी मिळत नाही. बाकीच्यांना ही गावोगावची मातीच आहे. तिचा हिशेब झाकून ठेवला की आधी बयाणा बुडतो, मग जोड बिघडते आणि शेवटी सचोटी जाते.

तेव्हा यंदा यात्रेत दंगल पाहायला मुलाबाळांना घेऊन जाल, तेव्हा पैलवानाला शाबासकी द्या. पण मांडवामागे डोकावून पेटीवरच्या माणसालाही रामराम घाला. आणि आपली वर्गणी बाकी असेल, तर ती आधी द्या.