रेषा कोणाच्या?

पेरूतील नाझ्काच्या वाळवंटात दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी काळपट दगड बाजूला सारून खालची फिकट जमीन उघडी केली. त्यातून माकड, पक्षी, सुमारे ४६ मीटरचा कोळी साकारला. तरीही १९६८ साली एरिक फॉन डॅनिकेन यांच्या पुस्तकाने या रेषांचा संबंध परग्रहावरील पाहुण्यांशी जोडला आणि जगभरचे वाचक भारावले. युरोपातील भव्य चर्च पाहून मात्र असा संशय का येत नाही? ज्यांना आधीच अडाणी ठरवले, त्यांची प्रतिभा मान्य करण्यापेक्षा आकाशातला कर्ता परवडतो. राबणाऱ्याचे श्रेय हिरावण्याची ही रीत आपल्या परिचयाची आहे. २०२० साली तिथे ३७ मीटरचे मांजर उजेडात आले, तेव्हा लोकांना हसू आले. हे हसू बरे. त्यात निदान चित्रकार माणूस होता, ही कबुली आहे.