सव्वीस आठवड्यांनंतर

कायद्याचा मजकूर वाङ्मयविषयक मासिकांत परीक्षणासाठीं घेण्याची चाल आपल्याकडे नाहीं. कायदा हा वकिलांनीं वाचावा, इतरांनीं अडचण आली म्हणजे वकिलाकडे जावें, असा आपला समज आहे. परंतु ज्या लिखाणावर घरांतील सुनेची किंवा लेकीची नोकरी टिकावी कीं जावी हें अवलंबून असतें, तें लिखाण एखाद्या कादंबरीइतक्या आस्थेनें घरोघर वाचलें जाणें इष्ट आहे. म्हणून ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ हिचें सहावें प्रकरण आज आम्ही परीक्षणास घेत आहों. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली, आणि १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याची जागा ह्या प्रकरणानें घेतली.

प्रथम गुण सांगूं. अपेक्षित प्रसूतीपूर्वींच्या बारा महिन्यांत जिनें ८० दिवस काम केलें आहे, तिला पगारासह २६ आठवड्यांची रजा मिळते. त्यांपैकीं ८ आठवड्यांपर्यंतची रजा ती प्रसूतीच्या आधीं घेऊं शकते. दोन अपत्यें हयात असतील तर मात्र रजा १२ आठवड्यांचीच. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत मालकानें तिला जाणूनबुजून कामास लावतां कामा नये. ती रजेवर असतांना तिला कामावरून काढणें, अगर तिच्या नोकरीच्या अटी तिच्या अहिताच्या होतील अशा बदलणें, बेकायदा आहे. जेथें ५० माणसें कामास आहेत तेथें पाळणाघर हवें आणि आईला दिवसांतून चार वेळां तेथें जाऊं दिलें पाहिजे. मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत त्याला पाजण्यासाठीं दोन वेळां वेगळी सवडही दिली पाहिजे. १९६१ सालीं रजा १२ आठवड्यांची होती, ती २०१७ च्या दुरुस्तीनें २६ आठवड्यांची झाली व संहितेनें तशीच ठेविली. ह्या प्रगतीचें मोल कमी लेखण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं.

आतां दोष. हें प्रकरण वाचतांना आम्हांस वारंवार असें वाटलें कीं, लेखकाला आपली नायिका पाळण्यापर्यंतच ठाऊक आहे. ती घरीं किती दिवस राहील ह्याचा हिशेब त्यानें दिवसावारीनें मांडला; ती परत कामावर येईल त्या सकाळचें वर्णन त्याच्या हातून झालेंच नाहीं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें २००० सालीं केलेल्या मातृत्वसंरक्षणविषयक करारांत, रजा संपल्यावर स्त्रीला तीच जागा अगर तितक्याच वेतनाची तुल्य जागा मिळण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. हिंदुस्थाननें त्या कराराला मान्यता दिलेली नाहीं, आणि इतक्या स्पष्ट शब्दांचें कलम आपल्या संहितेच्या ह्या प्रकरणांतही आम्हांस आढळलें नाहीं.

ह्या उणिवेचा अर्थ नोकरी करणाऱ्या स्त्रीला समजावून सांगावा लागत नाहीं. ती परत येते तेव्हां पगार तोच असतो, हुद्दाही तोच असतो. परंतु जें काम तिनें चार वर्षें खपून उभें केलें, तें दुसऱ्याकडे गेलेलें असतें. “आतां तुम्हांला दगदग नको,” असें तिला आर्जवानें सांगण्यांत येतें. पुढें बढतीचा प्रश्न निघाला कीं, गेल्या वर्षांत तुमच्या हातून विशेष असें काय झालें, हेंही तितक्याच आर्जवानें विचारण्यांत येतें. बडतर्फीला कायद्यानें बंदी केली खरी. पण ह्या सौजन्यावर त्याचा इलाज चालत नाहीं.

असें कां होतें? सगळे मालक दुष्ट असतात, हें उत्तर सोपें असलें तरी खरें नाहीं. आमच्या मतें ह्या प्रकरणाचा मूळ दोष ‘पैसे कोणीं द्यावयाचे’ ह्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे. सहा महिन्यांचा पगार त्या स्त्रीच्या मालकानें एकट्यानें सोसावयाचा, असें येथें ठरलें आहे. ज्यानें स्त्रियांना कामावर घेतलें त्याला भुर्दंड, आणि ज्यानें त्यांना दारांतूनच परत पाठविलें त्याला एक पैचाही खर्च नाहीं! मग मुलाखतीच्या वेळीं तरुण मुलीला लग्नाविषयीं आणि मुलाबाळांविषयीं आडून आडून प्रश्न विचारले जातात, ह्यांत नवल तें काय? २०१७ सालीं सरकारनें रजा दुपटीहून अधिक वाढविली, पण तें दान दुसऱ्याच्या थैलींतून केलें. आणि ज्याची थैली हलकी झाली तो त्याची वसुली पुढच्या मुलीकडून करतो.

हा विचार नवा नाहीं. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत प्रसूतिलाभाचें विधेयक चर्चेस आलें असतां डॉ. आंबेडकरांनीं त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वीं आणि नंतर आईला विसांवा मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, आणि लोककल्याण ही मुख्यत्वें सरकारची जबाबदारी असल्यामुळें ह्या खर्चाचा मोठा भार सरकारनें उचलणें योग्य, असें त्यांनीं मान्य केलें. मात्र स्त्रियांच्या श्रमावर नफा मिळविणारा मालक तेवढ्यानें मोकळा होत नाहीं, हेंही त्यांनीं बजावलें. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत तो कायदा झाला, पण भार मालकावरच राहिला. १९६१ चा कायदा आणि आजचें हें प्रकरण त्याच वाटेनें चाललें आहे.

दुसरी वाट मात्र आपल्याच घरांत आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यानें ठराविक पगाराच्या आंतील कामगारांसाठीं एक निधि उभा केला. त्यांत मालक आणि कामगार दोघेही वर्गणी भरतात, ती पुरुष कामगारांच्या पगारावरही बसते, आणि बाळंतिणीला रजेचा पैसा त्या निधींतून मिळतो. तेथें एखादी स्त्री गरोदर राहिली म्हणून तिच्या मालकाचा खर्च वाढत नाहीं. हीच विम्याची योजना संहितेच्या चौथ्या प्रकरणांत आहे. चौथ्या प्रकरणांतलें शहाणपण सहाव्यांत उतरावें आणि त्या निधींत सरकारनेंही आपला वांटा घालावा, अशी आमची सूचना आहे.

शेवटीं एक गोष्ट आपल्या स्वतःविषयीं. कारखाने, खाणी, मळे आणि दहा अगर अधिक माणसांचीं दुकानें व आस्थापना एवढ्यांनाच हें प्रकरण लागू आहे. आपल्या घरीं भांडीं घासणारी, स्वयंपाक करणारी बाई त्याच्या बाहेर राहते. सुनेच्या कचेरीनें सव्वीस आठवडे दिले नाहींत तर आपण संतापतों. पण त्याच घरांत बाईला दिवस गेले कीं आपण तिच्याजवळ बदलीची बाई मागतों आणि खाड्यांचे पैसे कापतों. येथें मालक आपणच आहों, आणि त्या कचेरीच्या मालकाप्रमाणें आपल्यालाही खर्च एकट्यानें सोसणें जड वाटतें, ह्यांत खोटें नाहीं. तिच्यासाठींही असा निधि व्हावा, आणि त्यांतील आपली वर्गणी आपण कुरकुर न करतां भरावी. तोंवर तिच्या रजेचा पगार देण्यास आपल्याला कोणत्याही कायद्यानें मनाई केलेली नाहीं.