तीन चौकोनांतले फूल

मराठी शब्दकोड्यात 'एक फूल' ही सूचना हमखास भेटते. चौकोन तीन असले की आपण मोगरा, गुलाब, कमळ असे आलटून पालटून बसवून पाहतो. आडव्या शब्दाशी अक्षर जुळले की पुढे सरकतो. उत्तर बरोबर येते, पण फुलाविषयी एकही गोष्ट आठवावी लागत नाही. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

शब्दकोड्याचा खेळ आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये सुरू केला. मराठीत काना-मात्रेसह पूर्ण अक्षर एका चौकोनात मावते. म्हणून फुलांची नावे आटोपशीर बसतात. तरीही ठरावीक नावेच पुन्हा पुन्हा येतात. एकट्या कमळासाठी पंकज, सरोज, नीरज अशी रांग लागते. त्या रांगेत कुमुद बसवले, तर मात्र ती चूक ठरते. कमळाचे पान अखंड गोल असते आणि देठ त्याच्या मध्याशी जोडलेला असतो. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत खाच असते. या वनस्पतींची कुळेही वेगळी.

रानफुलांची नावे वाचकांना ठाऊक नसतात, असे कोडेकार म्हणतील. ही अडचण खोटी नाही. पण 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण कोणाला ठाऊक नाही? अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगड-रतनगडाच्या परिसरात, पावसाळ्याच्या अखेरीस तेरडा आणि सोनकी फुलतात. कारवीही तिथलीच. तिन्ही नावे तीन चौकोनांची. तेरडा उभा आणि कारवी आडवी ठेवली, तर मधल्या 'र'वर त्या एकमेकींना छेदतातही! तेव्हा जागेची सबब चालणार नाही. रोज वाटेत सोनकी पाहणाऱ्या मुलाला कोड्यात फक्त गुलाबच भेटला, तर आपल्या डोंगरावरचे फूल 'उत्तर' होऊ शकत नाही, असेच तो शिकेल.

सूचना कशी असावी? 'पिकलेल्या बोंडाला हात लागताच बी उडवणारी वनस्पती' : तेरडा. 'सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून वाळणारे झुडूप' : कारवी. बागेतल्या फुलांनाही हाच नियम लावता येतो. 'केसर एका नळीवर जुळलेले लाल फूल' : जास्वंद. 'एक दिसते, पण असतात अनेक' : झेंडू. कारण झेंडूची प्रत्येक 'पाकळी' हे स्वतंत्र फूल असते. ती ओढली की तळाशी बारीक काडी दिसते, आणि तीच पुढे बी होते. नगर तालुक्यात झेंडू-शेवंती शेतात पिकते. तिथल्या मुलांना पुरावा बांधावरच मिळेल.

वर्गात असे कोडे जरूर रचून पाहावे. अट एकच : सूचना झाडाजवळ जाऊन पडताळता आली पाहिजे. अभयारण्यातील फुले मात्र न तोडता, झाडावरच पाहावीत. 'एक फूल' या सूचनेला शंभर उत्तरे असतात. चांगली सूचना एकाच फुलापाशी नेऊन उभे करते.