स्टीव्हन्सनची होडी आणि तुमचं फील्डवर्क

'संशोधकाने गावात जाऊन मुलाखती घेतल्या.' प्रबंधाच्या पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात हे वाक्य आपण सगळेच लिहितो. ते काय काय झाकतं, हे बघायचं असेल तर एक जुनं प्रवासवर्णन वाचा: रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं 'अ‍ॅन इनलँड व्हॉयेज' (१८७८). हे त्याचं पहिलं पुस्तक. १८७६ मध्ये तो आणि त्याचा मित्र वॉल्टर सिम्पसन एकेका छोट्या होडीतून अँटवर्पहून निघाले आणि कालव्यांतून, नद्यांतून, गावोगावी मुक्काम करत फ्रान्समधल्या पाँत्वाझपर्यंत गेले.

यातला पाँ-स्युर-सांब्रचा प्रसंग नीट वाचा. होड्या अलीकडच्या गावात ठेवून, पिशव्या खांद्यावर घेऊन, भिजलेले दोघे चालत तिथे पोचतात. खानावळवाली त्यांना फेरीवाले समजते, आणि तेही ते नाकारत नाहीत. रात्री खराखुरा फेरीवाला बायकामुलासह येतो, तेव्हा हे दोघे त्याच्याहूनही खालचे ठरतात! दुसऱ्या दिवशी तीच माणसं यांच्या चकचकीत होड्या बघतात आणि त्यांची नजर पालटते. माणसं तीच, गाव तेच. बदललं फक्त पाहुण्याबद्दलचं मत. पुढे ला फेरमध्ये तर पिशव्या बघून एका हॉटेलातून त्यांना बाहेरच काढतात.

म्हणजे गाव तुम्हाला काय दाखवेल, हे तुम्ही कोण वाटता यावर ठरतं. स्टीव्हन्सन हे लपवत नाही, ही या पुस्तकाची खरी ताकद.

तो आणखी दोन गोष्टी कबूल करतो. ब्रुसेल्स ते शार्लरुआ मार्गावर पंचावन्न जलपाशद्वारं (लॉक) आहेत हे कळल्यावर दोघे होड्यांसकट सरळ आगगाडीत बसले. तेवढा पट्टा पुस्तकात नाही, पण का नाही ते आहे. दुसरी गोष्ट वाझ नदीची. नदी अरुंद होती तोवर काठावरच्या माणसांशी बोलणं व्हायचं. पात्र रुंद झालं तसा काठ लांब गेला आणि गप्पा आटल्या. निरीक्षणाची जागाच बदलली, आणि त्याने तसं नोंदवलं.

आता दोष. कालव्यावरच्या मालवाहू नावेतल्या माणसाचं आयुष्य त्याला कचेरीतल्या नोकरीपेक्षा हेवा वाटावा इतकं सुखाचं वाटतं. पण तो स्वतः सुट्टीवर आहे, कंटाळा आला की गाडी पकडू शकतो. नावेवरच्या माणसाला पंचावन्न दारं टाळता येत नाहीत. इथे स्वतःची सोय तो हिशोबात धरत नाही, आणि म्हणून निष्कर्ष घसरतो. फेरीवाल्याला हे दोघे कसे वाटले, तेही तो विचारत नाही.

तेव्हा तुमची फील्डची वही काढा आणि तीन नोंदी करा. लोकांनी मला कोण समजून उत्तरं दिली? कुठला टप्पा मी सोयीसाठी गाळला? मी लोकांपासून किती अंतरावर होते/होतो? सरकारी गाडीतून उतरलात आणि सगळं गाव 'योजना चांगली आहे' म्हणालं, तर ती गाडीसुद्धा तुमच्या डेटाचा भाग आहे. मार्गदर्शक वाचून 'हे कशाला?' म्हणतील कदाचित. तरी लिहा. मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा तिथूनच येतो.