घरगुती आखूड नळीची रायफल : अमेरिकेतील नोंदणी व चिन्हांकनाच्या तरतुदींची चिकित्सा

प्रस्तावना

कायदा काय सांगतो याइतकेच तो कोणत्या हेतूने जन्मास आला आणि तो हेतू आज कितपत शिल्लक आहे, हे तपासणे अगत्याचे असते. अमेरिकेचा १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. खाजगी व्यक्तीने घरी बनविलेल्या आखूड नळीच्या रायफलीसंबंधीच्या त्यातील तरतुदींचा येथे परामर्श घेतला आहे.

तरतुदींचे स्वरूप

रायफलीची नळी १६ इंचांहून आखूड असेल, किंवा रायफलीत फेरफार करून बनविलेल्या शस्त्राची एकूण लांबी २६ इंचांहून कमी भरत असेल, तर ते शस्त्र या कायद्याच्या कक्षेत येते. ते बनवू इच्छिणाऱ्या व्यक्तीस ‘फॉर्म १’ हा अर्ज बोटांचे ठसे व छायाचित्रासह संघराज्याच्या शस्त्रविषयक ब्युरोकडे पाठवावा लागतो. त्याची प्रत स्थानिक पोलीसप्रमुखासही द्यावी लागते. मंजुरी हाती येण्यापूर्वी आखूड नळी बसविणे हाच गुन्हा असून त्यास १० वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

तयार शस्त्रावर बनविणाऱ्याचे नाव, त्याचे शहर व राज्य, अनुक्रमांक आणि कॅलिबर कोरणे बंधनकारक आहे. कोरीव चिन्हाची खोली किमान ०.००३ इंच आणि अनुक्रमांकाच्या अंकांची उंची किमान १/१६ इंच असावी लागते. कारखान्यात बनलेल्या रायफलीत फेरफार केला असल्यास तिचा मूळ अनुक्रमांक चालतो. मात्र फेरफार करणाऱ्याचे नाव व गाव त्यावर नव्याने कोरावे लागते.

टीकात्मक विवेचन

यांपैकी चिन्हांकनाची तरतूद स्वतःच्या पायावर उभी राहते. शस्त्र गुन्ह्यात सापडल्यास त्याचा माग कर्त्यापर्यंत लागावा, हा तिचा हेतू स्पष्ट आहे आणि उथळ अक्षरे सहज घासून टाकता येत असल्याने खोलीचे मापही सयुक्तिक ठरते.

लांबीच्या मर्यादेबाबत असे म्हणता येत नाही. १९३४ च्या मूळ विधेयकात पिस्तुले व रिव्हॉल्व्हर यांचाही समावेश होता. रायफलीची नळी कापून लपविण्याजोगे शस्त्र बनविण्याची पळवाट बंद व्हावी, म्हणून आखूड नळीचे कलम त्यास जोडले गेले. पुढे पिस्तुले वगळली गेली. पळवाट बंद करणारे कलम मात्र राहिले. परिणामी, अधिक सहज लपविता येणारे पिस्तूल या नोंदणीतून मुक्त आणि त्याहून मोठी रायफल बंधनात, अशी विसंगती निर्माण झाली. खुद्द मर्यादाही स्थिर नव्हती : रायफलीसाठीची १८ इंचांची मर्यादा १९६० मध्ये १६ इंचांवर आली.

‘बनविणे’ या संज्ञेचीही अशीच ओढाताण झाली. १९९२ च्या थॉम्प्सन/सेंटर आर्म्स खटल्यात एकाच संचातील सुट्या भागांतून वैध पिस्तूल, वैध रायफल किंवा अवैध आखूड रायफल जुळविता येत होती. सर्वोच्च न्यायालयाने संदिग्धतेचा लाभ उत्पादकास दिला. त्यातून शस्त्राचे वैधत्व त्याच्या भागांच्या संभाव्य जुळणीवर अवलंबून राहते, हे उघड झाले.

सर्वांत गंभीर प्रश्न कायद्याच्या घटनात्मक आधाराचा आहे. १९३७ च्या सोन्झिन्स्की खटल्यात हा कायदा काँग्रेसच्या करविषयक अधिकाराखाली वैध ठरला होता. १९३४ पासून २०० डॉलर असलेला कर महागाईमुळे क्रमाक्रमाने नाममात्र झाला. पुढे २०२५ च्या कायद्याने आखूड नळीच्या रायफलींसाठी तो १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. अर्ज, ठसे, मंजुरी व चिन्हांकन मात्र कायम राहिले. करच नसताना करासाठीची नोंदणी कशाच्या बळावर टिकावी, या मुद्द्यावर २०२५ मध्येच दावे दाखल झाले.

भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाशी तुलना येथे उद्बोधक ठरते. त्याच्या कलम ६ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. परंतु तेथे हे नियंत्रण कराच्या आडून नव्हे, तर थेट परवान्याच्या अधिकारातून येते.

समारोप

कर्त्याची ओळख शस्त्रावर कोरून घेणे समर्थनीय आहे. आपला मूळ संदर्भ गमावलेल्या इंचांच्या मापावर १० वर्षांच्या कारावासाची टांगती तलवार ठेवणे तितके समर्थनीय नाही. शस्त्रनियंत्रण आवश्यक वाटत असेल, तर काँग्रेसने त्याचा हेतू नव्याने व उघडपणे मांडावयास हवा.